चौथी आलेली घोडी

रेसच्या पुस्तकातली घोड्यांची नावं कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाकणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. पुणतांब्याच्या स्टेशनावर मालबाबू होता तो. कुलथे त्याचं आडनाव. हमालांपासून स्टेशनमास्तरांपर्यंत सगळे त्याला अण्णा म्हणत, आणि मीही पहिल्या आठवड्यातच अण्णा म्हणायला लागलो. अरेतुरेत लिहिलं ते इथवरच. त्यांच्याबद्दल असं बोलायला माझी जीभ वळत नाही.

मी तेव्हा बुकिंगला नवाच लागलो होतो. अकोले तालुक्यातला, डोंगरातला माणूस. गोदावरीकाठची ती सपाट काळी जमीन बघून मला पहिले चार दिवस चुकल्यासारखंच व्हायचं. नजर टेकवायला डोंगरच नाही! माझ्या खिडकीला लागूनच मालधक्क्याची खोली. तिथं अण्णा बसत. पन्नाशीचे, बुटके, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चामडी चपला. बायको ऐन तरुणपणी गेलेली, मूलबाळ नाही. क्वार्टरमध्ये एकटेच राहायचे आणि स्वतःची भाकरी स्वतः थापायचे. सोनाराच्या घरातला जन्म. मालाचा काटा करताना काट्याचा दांडा पूर्ण स्थिर होईपर्यंत ते श्वास रोखून उभे राहत. गुळाच्या ढेपा घेऊन आलेले शेतकरी कंटाळायचे, पण अण्णांच्या काट्यावर कधी कुणी शंका घेतली नाही.

शुक्रवारच्या पॅसेंजरचा गार्ड त्यांच्यासाठी पुण्याहून रेसचं पुस्तक आणायचा. ते हातात पडलं की अण्णा आधी डबीतली खळ काढायचे, जुन्या पावत्यांच्या पट्ट्या कापायचे आणि नावांचा सगळा रकाना झाकून टाकायचे. उरायचं काय, तर घोड्याचा नंबर, वय, पाठीवरचं वजन, आधीच्या शर्यतींचे निकाल. मग पुढचे दोन दिवस, वॅगनींमधून सवड मिळेल तशी, त्या आकड्यांवर नजर.

मी एकदा न राहवून विचारलंच, की नावांनी तुमचं काय वाकडं केलंय. ते हसले नाहीत. हसायचे क्वचितच. म्हणाले, "धुमाळ, नाव कळलं की माणूस फशी पडतो. कुणाला आईचं नाव सापडतं, कुणाला देवाचं, कुणाला कॉलेजातल्या पोरीचं. घोडा राहतो बाजूला आणि माणूस आपल्याच आठवणीवर पैसे लावतो."

त्यांचे नियम असे एकेक करून मला कळत गेले. दिवसात सहा-सात शर्यती असतात, त्यातली एकच खेळायची. बाकीच्या चहा पीत बघायच्या. आठाच्या खाली घोडे असतील तर ती शर्यत सोडायची, कारण आठ असले तर पहिल्या तिघांवर पैसे मिळतात. घोडा पहिलाच येईल म्हणून कधी लावायचं नाही. पहिल्या तिघांत येईल एवढंच म्हणायचं. याला ते 'प्लेस' म्हणत. पैसे थोडे मिळतात, पण माणूस शाबूत राहतो. जिंकलं तरी दहा रुपये, हरलं तरी दहा रुपये. रक्कम वाढवायची नाही. आणि ज्या घोड्यानं दोनदा आपल्याला हात दाखवला त्याच्यावर तिसऱ्यांदा लावायचं नाही, मग तो इंद्राचा उच्चैःश्रवा का असेना.

पण त्यांचा खरा जीव वजनात होता. हँडिकॅप म्हणजे काय ते त्यांनी मला मालाच्या काट्यापाशी उभं राहून समजावलं होतं. जो घोडा जिंकतो त्याच्या पाठीवर पुढच्या वेळी वजन वाढवतात, शिशाचे तुकडे घालतात खोगिरात. जो हरतो त्याचं उतरवतात. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला. "जगात एवढी एकच जागा आहे धुमाळ, जिथं हरणाऱ्याचं ओझं कमी करतात. बाकी सगळीकडं उलट चालतं." एरवी तोलून मापून बोलणारा माणूस, आणि हे मात्र त्यांनी देवाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

गावातले लोक त्यांना जुगारी म्हणायचे. तोंडावर नाही, पण म्हणायचे. आणि तेच लोक शनिवारी सकाळी धक्क्यावर घुटमळायचे, अण्णांच्या तोंडून एखादा नंबर सांडतोय का ते बघत. अण्णांनी कधी कुणाला नंबर दिला नाही. पेठेतला एक कापडवाला फारच मागे लागला, तेव्हा त्याला समोर बसवून तासभर वजनाचं गणित शिकवलं. तो पुन्हा फिरकला नाही. माणसाला आयतं हवं असतं, गणित नको असतं.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात, म्हणजे नावाच्याच पावसाळ्यात, ते मला एकदा पुण्याला घेऊन गेले. रेल्वेचा पास होताच. सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या हात पुढं केला आणि म्हणाले, "घड्याळ इकडं द्या." मला वाटलं वेळ बघायचीय. त्यांनी ते रुमालात गुंडाळून खिशात टाकलं. संध्याकाळपर्यंत मला त्याचा अर्थ कळला. पहिल्या चार शर्यतींत मी ज्या ज्या घोड्याभोवती गर्दी दिसली त्याच्यावर पैसे लावले आणि खिसा झटकून मोकळा झालो. घड्याळ हातात असतं तर तेही गेलं असतं, अगदी खरं सांगतो. अण्णा एका खांबाला टेकून उभे. शर्यत सुरू होण्याआधी घोडे गोल फिरवतात तिथं जाऊन मात्र ते प्रत्येक घोड्याचे पाय बघायचे. तोंड नाही, पाय.

पाचव्या शर्यतीला त्यांनी तिकीट काढलं. बारा घोडे. त्यांचा नंबर होता एका तांबड्या घोडीचा, मागचा डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा, उजव्या कानाला टोकाशी चीर, आणि मान जराशी डावीकडं वळवून चालायची खोड. पळायला लागली तेव्हा पहिल्या निम्म्यात कुठं दिसलीच नाही. शेवटच्या वळणानंतर मात्र आतल्या बाजूनं अशी सुटली की मी अण्णांचा दंड धरला. ती चौथी आली. तिसऱ्या घोड्यात आणि तिच्यात हातभर अंतर असेल. पैसे तिसऱ्यापर्यंतच मिळतात, चौथ्याला कुणी विचारत नाही.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. मग म्हणाले, "तिसऱ्यांदा." मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की याच घोडीवर त्या हंगामात त्यांनी आधी दोनदा लावलं होतं, पायावरून ओळखली होती, आणि दोन्ही वेळा ती चौथीच आली होती. म्हणजे नियम मोडला होता. अण्णांनी, नियम! ते म्हणाले, दर वेळी तिचं वजन उतरवलं होतं, आणि तरी ती चौथीच. याचा अर्थ तिचं बळ उतरत चाललंय. अंगात काही राहिलं नाही आणि शेवटच्या वळणावर ती तेवढीच जीव तोडून पळते. मग त्यांनी पुस्तक काढलं, नखानं ती एक पट्टी उकलली, खालचं नाव वाचलं आणि पुस्तक मिटलं. मला नाव सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यानंतर ते पुण्याला गेले नाहीत. पुढच्या हंगामात गार्डानं पुस्तक आणून दिलं, ते तसंच खणात पडून राहिलं. बहात्तर साल उजाडलं ते कोरडंच. कालव्याला पाणी नाही, नदीच्या पात्रात माणसं झिरे उकरतायत, गुळाची आवक थांबली. मालधक्क्यावर आता गवताच्या दाबलेल्या गाठी यायला लागल्या, सरकारी, दूरच्या मुलखातून, गुरांच्या छावणीसाठी. छावणी रुळांच्या पलीकडच्या माळावर होती. पूर्वेकडच्या गावांतून माणसं जनावरं घेऊन यायची, बांबूवर तरटं टाकून तिथंच राहायची. गाठी उतरवून, वजन करून छावणीला देणं हे अण्णांचं काम. खाली सांडलेली काडी न् काडी ते झाडून घ्यायचे, पोत्यात भरून पुन्हा काट्यावर घालायचे. किसन नावाचा आमचा हमाल होता, तो म्हणायचा, "अण्णा, खाली पडलेलं हाय, कुनाचंच न्हाई." अण्णा म्हणायचे, खाली पडलेलं गाईचंच असतं.

त्याच सुमाराला ते काही कामानं नगरला गेले आणि स्टेशनाबाहेर टांग्यांच्या रांगेत त्यांना ती दिसली. मागचा डावा पाय पांढरा, कानाला चीर, मान डावीकडं. पुढच्या एका पायानं लंगडत होती. रेसची घोडी टांग्याला जुंपतात हे मला तेव्हाच कळलं. हंगामातून उतरली की स्वस्तात विकतात. टांगेवालाही तिला काढायलाच बसला होता, चारा परवडत नव्हता. अण्णांनी आईची बोरमाळ मोडली, एवढंच मला किसनकडून कळलं. घोडी मालगाडीच्या वॅगनमधून आणली, आणि तीही रीतसर पूर्ण भाडं भरून, स्वतःच्या हातानं पावती फाडून. गार्ड ओळखीचा, लाइन ओळखीची, कुणी बघणारं नव्हतं. मी म्हटलं, अण्णा, पावतीची काय गरज होती. ते म्हणाले, फुकट प्रवास माणसानं करावा, तिनं कशाला करायचा.

क्वार्टरच्या मागं त्यांनी तिला बांधली. नावानं कधी हाक मारली नाही. "ए बाई" म्हणायचे. "सरक बाई." "पाणी पी बाई." सकाळी भाकरीआधी तिच्या पायाला शेक. ड्यूटी संपली की सायकलवर आठ-आठ मैल जाऊन, विहिरीवर जगवलेल्या उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची पानं, मिळतात का ते बघत फिरायचे. ज्या माणसानं आयुष्यभर दहाचे अकरा केले नाहीत, तो आता पगार झाला की पहिला कडबा घ्यायचा आणि उरलं त्यात स्वतः खायचा. पोट पाठीला लागलं होतं त्यांचं. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, बैल उभ्यानं मरत होते, आणि हे एका निकामी घोडीसाठी झिजत होते. एकदा मी बोललोच तसं. म्हटलं, तुमच्या नियमात बसतं का हे, सांगा, हिच्या जगण्यावर तुम्ही कुठल्या हिशेबानं लावताय. त्यांनी खरारा थांबवला. "या शर्यतीत ती एकटीच आहे धुमाळ. तरी पहिल्या तिघांत येईल असं सांगता येत नाही." आणि पुन्हा खरारा करायला लागले.

सालभर निभावलं त्यांनी तसं. पण त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कुठंच काही मिळेना. घोडीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. अण्णा दिवसभर सरकारी गवताच्या गाठींत उभे, आणि शंभर पावलांवर ती उपाशी. एका दुपारी मी बघितलं, ते रिकाम्या वॅगनमध्ये उभे राहून फळ्यांच्या फटीतल्या काड्या बोटानं काढत होते. मला वाटलं, चला, शहाणे झाले. काड्या त्यांनी मूठभर जमवल्या, बघितल्या आणि छावणीच्या पोत्यात टाकल्या.

ते मला बघवलं नाही. छावणीचा कारकून माझा चहाचा दोस्त होता. त्याच्या नोंदवहीत रकाने तीनच. गाय, बैल, म्हैस. घोड्याला सरकारी चारा नाही. मी त्याला गाठलं, आणि तासभर त्याचं डोकं खाल्ल्यावर त्यानं एक ओळ लिहिली: बैल एक, तांबडा, मागचा पाय पांढरा. किसननं रोज तो वाटा आणायचा ठरलं. अण्णांना काय सांगायचं? मी किसनला म्हटलं, सांग की छावणीतल्या माणसांनी आपापल्यातलं काढून दिलंय, घोडीसाठी.

आणि अण्णांनी ते खरं मानलं! ज्या माणसानं कुणाच्या सांगण्यावरून उभ्या जन्मात एक तिकीट काढलं नव्हतं, जो काटा थांबेपर्यंत श्वास घ्यायचा नाही, त्यानं किसनच्या एका वाक्यावर भरवसा ठेवला. मला आजही वाटतं, त्यांना ते खरं असायला हवं होतं. त्या दिवसांत त्यांचा चेहरा निवळला होता. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "माणसं वाईट नसतात हो धुमाळ. आपणच लांब राहतो." मी तिकिटांच्या गठ्ठ्यात मान घातली.

अठरा दिवस चाललं हे. घोडीच्या अंगावर जरा तुकतुकी आली, लंगडणं कमी झालं. एकोणिसाव्या दिवशी तालुक्याहून तपासणीचे साहेब आले आणि त्यांनी जनावरं मोजायला घेतली. वहीत होते त्यापेक्षा एक बैल कमी भरला. कारकून पळत माझ्या खिडकीशी आला. बायको बाळंतीण आहे, नोकरी जाईल म्हणून रडकुंडीला आलेला. मी म्हटलं, बैल मेला म्हणून सांग, कातडं गेलं म्हणून सांग. हे मी जरा मोठ्यानंच बोललो असणार, कारण मागं वळून बघतो तर अण्णा दारात उभे. किती ऐकलं कोण जाणे. क्वार्टरकडं गेले, घोडी सोडली आणि दोर धरून रूळ ओलांडून छावणीकडं चालायला लागले. मी, कारकून आणि किसन मागं मागं.

छावणीत गाईबैलांची लांबच लांब रांग, त्यांच्यापुढं माणसं उकिडवी बसलेली. अण्णांनी घोडी नेऊन रांगेत शेवटी उभी केली आणि साहेबांना म्हणाले, "हा तो बैल."

कुणी हसलं नाही. साहेबांनी आधी घोडीकडं बघितलं, मग अण्णांकडं. अण्णा म्हणाले, "जनावर माझं आहे. चारा तिनं खाल्लाय. अठरा दिवसांचा चारा मी आठ दिवसांत परत घालतो, तसं लिहून देतो. या कारकुनाकडं बघू नका, त्याला भरीला घातलं गेलं." कुणी घातलं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही पुढं होऊन सांगितलं नाही. पन्नास वर्षं झाली, ते पाऊल मी अजून टाकतोय मनात.

रांगेतल्या शेवटच्या गाईजवळ गऊबाई म्हणून एक म्हातारी बसली होती, पार पाथर्डीकडून आलेली. ती उठली. "साहेब, ऱ्हाऊ द्या की. एक तोंड हाय, खाईना का."

अण्णा तिच्याकडं वळले. म्हणाले, "आजी, तुमच्या गाईच्या वाट्यातलं कमी झालंय ते. तुम्हाला माहीत नव्हतं."

"मला म्हाईत हुतं," म्हातारी म्हणाली. "किसन्यानं पहिल्याच दिशी सांगितलं हुतं. इथं समद्यांला इचारलं त्यानं. आमी व्हय म्हनलो."

मी किसनकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. मी त्याला थाप शिकवली होती, आणि त्या शहाण्यानं आधी छावणीत जाऊन ती खरी करून घेतली होती. मला पत्ताही नव्हता.

अण्णा त्या म्हातारीसमोर उभे राहिले. मला वाटलं, सुटलं आता. एवढी सगळी माणसं व्हय म्हणतायत, साहेबही दुसरीकडं बघायला तयार दिसत होते. अण्णांनी म्हातारीला दोन्ही हात जोडले. म्हणाले, "तुम्ही व्हय म्हणालात, आजी. मी जन्मभर विसरणार नाही. पण गाईला कुणी विचारलं नाही." आणि साहेबांना म्हणाले, "ती ओळ खोडा."

साहेबांनी ओळ खोडली. कारकुनाला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. अण्णांनी नेवाशाकडून कुठूनतरी गाडीभर कडबा आणवला, त्यातला अठरा दिवसांचा मोजून छावणीला घातला आणि उरलेला घोडीला ठेवला. तो पुरण्यासारखा नव्हता. आणि माझ्याशी बोलणं त्यांनी बंद केलं. तसं कामापुरतं बोलायचे: पॅसेंजर किती लेट, किल्ल्या कुठं आहेत. धुमाळ म्हणून हाक मारली नाही. फक्त एकदा, मी माफी मागायला गेलो तेव्हा, काट्याचा दांडा पुसत म्हणाले, "तुम्ही माझ्या भल्यासाठी केलंत, कळतं मला. पण मी त्या माणसांना चांगलं म्हणत होतो तेव्हा तुम्ही मान खाली घातली होती. तेवढं नको होतं." मला तिथं रडू आलं. त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

वैशाखात घोडीला पोटशूळ झाला. वाळके वाढे बाधले असं गुरांचे डॉक्टर म्हणाले. दोन दिवस अण्णा तिला फिरवत राहिले, कारण बसू दिलं की आतडं पिळतं म्हणतात. क्वार्टरभोवती गोल, रखरखत्या उन्हात, दोर धरून, रेसच्या आधी घोडे फिरवतात तसे. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बसली ती उठलीच नाही. मान अण्णांच्या मांडीवर होती. मी कुंपणाबाहेरच थांबलो. आत जायचा मला हक्क नव्हता, असं मला तेव्हा वाटलं. अठरा दिवसांचा चारा परत घातला नसता तर वाढ्यांवर वेळ आली नसती आणि ती जगली असती, हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. अण्णांनाही ते कळत नसेल असं नाही. हिशेब तर त्यांच्याइतका कुणाला येत होता?

किसननं आणि चौघांनी माळावर खड्डा घेतला. अण्णांनी रजा टाकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर वॅगन लागली, ती उतरवून घेतली, काटा केला, सही केली. मग क्वार्टरमागं गेले. घोडीचा उरलेला कडबा होता तिथं, दहा-बारा भारे असतील. त्यातला एक त्यांनी डोक्यावर घेतला आणि रूळ ओलांडायला लागले. किसन धावला, तर त्याला हातानंच थांबवलं. पांढरा शर्ट, डोक्यावर कडब्याचा भारा, आणि बुटका माणूस एकेक स्लीपर जपत चाललाय. छावणीतला कारकून वही घेऊन उभा राहिला, हा कशापोटी लिहू म्हणाला. अण्णा म्हणाले, "कशापोटी नाही. राहिलाय." भारा गऊबाईच्या गाईपुढं सोडला आणि दुसरा आणायला माघारी वळले.

मी खिडकीतून बघत होतो. एक झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला त्यांचा पाय खडीवरून घसरला, भारा सावरला त्यांनी, पण मला बसवेना. तिकिटाची खिडकी उघडी टाकून मी गेलो. रांगेत दोन गिऱ्हाईकं होती, ती ओरडली. मी क्वार्टरमागं जाऊन एक भारा उचलला आणि तसाच बोडक्या डोक्यावर घ्यायला लागलो. अण्णा रिकाम्या हातानं परत येत होते. माझ्यासमोर थांबले. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, केसांत कडब्याची पानं. मी मान खाली घालणार होतो. नाही घातली.

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, पीळ देऊन त्याची चुंबळ केली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

"अशी घ्या आधी, धुमाळ," म्हणाले. "मान धरेल नाहीतर."